नावातली मोकळी जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही दोघे बरे आहोत, तूही बरी असशील असं धरून चालतो.

पत्र पाहून तू म्हणशील, फोन असताना याला कागद कुठून आठवला. फोन मी तीनदा केला होता. तू उचललास की मला बाबांच्या गुडघ्यापलीकडे काही सुचत नाही, आणि गुडघा संपला की तूच म्हणतेस, ठेवते आता, केसपेपरची खिडकी उघडायची वेळ झाली. म्हणून कागद.

आधी गुडघ्याचंच सांगतो. व्यायाम करून घ्यायला एक बाई आठवड्यातून दोनदा येतात. बाबा त्यांना म्हणतात, "आज राहू दे, पुढच्या वेळी दुप्पट करू." पुढच्या वेळी पुन्हा तेच. दुप्पट दुप्पट करत आता बत्तीसपट झाले असतील. चष्म्याचा नंबर वाढलाय, पण नवा करायला तयार नाहीत. स्वयंपाकाच्या खोलीतली खिडकी सरकत नव्हती, ती सुताराकडून तासून घेतली. तुझी खोली तशीच आहे, फक्त तिथे आता बाबांची काठी आणि इस्त्रीचे कपडे असतात.

माझं काम बरं चाललंय. सध्या जे हातात आहे ते तुला सांगावंसं वाटतं, कारण त्यातला एक प्रश्न तू मला पूर्वी विचारला होतास. "तुझ्या मशीनवर चालतं ते माझ्या मशीनवर का चालत नाही?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. उत्तर असं आहे. प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही. काही कामं तो खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, ही फाईल तिकडे ने, ती अमुक प्रकारात बदल. याला कमांड म्हणतात. आणि एकच कमांड सगळ्या सिस्टिमना सारखी कळत नाही. एका घरात 'जरा बघून ये' म्हटलं की माणूस बघून येतो आणि काय पाहिलं ते सांगतो. दुसऱ्या घरात नुसता जाऊन येतो आणि विचारलं की 'हो' म्हणतो. आमचा प्रोग्राम तीन प्रकारच्या सिस्टिमवर चालतो. तिन्हीकडे या कमांड सारख्या वागायला हव्यात, त्यासाठी जिथे फरक आहे ते दुरुस्त करायचं आणि प्रत्येक दुरुस्तीला टेस्ट, म्हणजे ती तपासणारा छोटा प्रोग्राम, लिहायची, हे माझं काम.

या टेस्ट तपासायला आमच्याकडे एक बाई आहेत, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांच्यामागे सगळे त्यांना हेडबाई म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही. मागच्या बुधवारी त्या खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.

"ही एक टेस्ट एका सिस्टिमवर स्किप केली आहे. म्हणजे तिथे ती चालतच नाही. कोणी केली?"

मी म्हटलं, "मीच. माझ्या एका जुन्या कामातून हा भाग उचलला, त्याच्याबरोबर आली."

"का स्किप केली ते लिहिलेलं नाही. कारण लिहा."

मी लिहिलं, 'वेळेअभावी'. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "ही सबब झाली. कारण म्हणजे टेस्ट नापास का होते ते. ती तुम्हाला काहीतरी सांगत होती आणि तुम्ही तिचं तोंड बंद केलं."

त्यांना काही ठाऊक नाही. त्या कामाबद्दल बोलत होत्या. पण मी त्या दिवशी डबा न उघडता घरी आणला.

ती कोणती टेस्ट, हे सांगायलाच खरं तर बसलो होतो. पान भरत आलं आणि मी अजून खिडकी आणि सुतारावर आहे. तू मला ओळखतेसच.

एक विचारतो. ते कवायतीचे मास्तर कसे आहेत? ज्यांचा आवाज तू घशाच्या ऑपरेशनआधी रेकॉर्ड केला होतास आणि जो नंतर मिळाला नाही, ते. कधी दिसतात का?

बाबांचा आशीर्वाद. त्यांनी सांगायला सांगितलेला नाही, मीच लिहितोय.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

तुझा निरोप मिळाला. 'पत्र पोचलं. जे लिहायचं होतं ते लिही.' एवढाच. मला तो दहा वेळा वाचावा लागला, कारण त्यात राग शोधत होतो आणि तो नव्हता.

मागच्या पत्रात मी लिहिलं, मास्तरांचा आवाज मिळाला नाही. गेले चौदा महिने मी असंच बोलतोय. मिळाला नाही, हरवला, गेला. तो पुसला गेला, ताई. त्यांचा आणि आणखी बावीस जणांचा. आणि तो तुझ्या हाताने पुसला गेला नाही. मी तुला करून दिलेल्या प्रोग्रामने पुसला.

आता क्रमाने लिहितो, नाहीतर पुन्हा सुताराकडे वळेन.

ज्यांचा स्वरयंत्राचा भाग काढायचा आहे अशा माणसांना तू ऑपरेशनच्या आधी बसवून घेत होतीस, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करत होतीस. नंतर त्यांना लिहून बोलायचं असलं तर त्यांच्याच आवाजात बोलता यावं म्हणून. अकरा वर्षं तू हे केलंस. फायली वाढल्या, मशीन भरायला लागलं, म्हणून तू मला म्हणालीस, काहीतरी सोय कर. मी केली. दर शुक्रवारी दुपारी प्रोग्राम नव्या फायलींची लहान आकारातली प्रत जपणुकीच्या डिस्कवर करायचा आणि मग मूळ फाईल पुसून जागा मोकळी करायचा. तू विभागातल्या सगळ्यांना दाखवलंस. "माझ्या भावाने केलंय," असं सफाईवाल्या मामांनासुद्धा सांगितलंस.

प्रत करायची कमांड मी माझ्या मशीनवर लिहिली. फाईलचं नाव एकेरी अवतरणचिन्हांत घातलं. माझ्या सिस्टिमला त्यातून कळतं की हे सगळं मिळून एकच नाव आहे, मधे मोकळी जागा असली तरी. तुझ्या हॉस्पिटलमधली सिस्टिम वेगळी. तिला ते चिन्ह म्हणजे आणखी एक अक्षर. नावात मोकळी जागा आली की तिला ती दोन नावं वाटायची, दोन्ही नावांची फाईल सापडायची नाही आणि प्रत व्हायचीच नाही. बरं, प्रत झाली का, हे प्रोग्राम विचारायचा. पण तुझ्या मशीनवर ते उत्तर मधल्या दुसऱ्याच कमांडचं यायचं, आणि ती कायम 'झालं' म्हणायची. मग प्रोग्राम निर्धास्तपणे मूळ फाईल पुसायचा. पुसण्याचं काम मात्र तो सिस्टिमला न सांगता स्वतः करायचा, त्यामुळे मोकळी जागा असो नसो, ते अगदी बिनचूक व्हायचं.

बरेच महिने काही बिघडलं नाही, कारण तू फायलींना नंबर देत होतीस. मग मास्तर आले आणि तुला म्हणाले, "मी काय कैदी आहे, मला नंबर लावायला?" तू हसलीस आणि त्या दिवसापासून फायलींना माणसांची नावं द्यायला लागलीस. नाव, मोकळी जागा, आडनाव. पाच शुक्रवार. तेवीस माणसं. चार जणांचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यांना तू पुन्हा बसवलंस. एकोणीस जणांना बसवून उपयोग नव्हता.

हे झालं प्रोग्रामचं. आता माझं.

फायली सापडेनात म्हणून तू मला बोलावलंस त्या संध्याकाळी मी तुझ्या खुर्चीत बसून प्रोग्रामचा लॉग उघडला. लॉग म्हणजे त्याने केलेल्या प्रत्येक कामाची आणि सिस्टिमच्या प्रत्येक तक्रारीची नोंद. तू चहा सांगायला गेली होतीस. पाच मिनिटं लागली नाहीत. नावं असलेल्या तेवीस ओळी, प्रत्येकीत एक न झालेली प्रत आणि एक झालेलं पुसणं. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी तो लॉग माझ्याकडे उतरवून घेतला आणि तुझ्या मशीनवरून काढून टाकला. तू दोन कप घेऊन आलीस आणि विचारलंस, "काही कळलं का रे?"

मी म्हटलं, "तू नावं बदलत होतीस ना, तेव्हा कुठेतरी चुकीचं बटण दाबलं गेलं असेल."

तू म्हणालीस, "मी?" आणि मग कप ठेवत, "असेल. त्या आठवड्यात मी घाईत होते."

मी चहा प्यायलो.

फायली परत आणायचा प्रयत्न मी दोन दिवस केला, तो खरा केला, पण त्या जागेवर पाच आठवडे नवं लिहिलं जात होतं. काही उरलं नव्हतं. चौकशीसाठी तुला निवेदन द्यायचं होतं तेव्हाही मी शेजारी होतो. तू लिहिलंस, 'माझ्या हातून चूक झाली.' मी म्हटलं, झाली नको लिहू, 'झाली असावी' लिही, तेवढंच सौम्य. तू माझ्याकडे बघितलंस, जणू मी तुझी बाजू घेत होतो. तो एक शब्द घालताना मला खरोखर वाटलं की मी तुझ्यासाठी काहीतरी करतोय. माणूस स्वतःला किती फसवू शकतो याचा हा नमुना मी जपून ठेवलाय.

मग तुझी रेकॉर्डिंगची खोली बंद झाली आणि तुला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं.

आणखी एक आहे. हे लिहिल्याशिवाय वरचं सगळं अर्धं आहे.

मोकळी जागा असलेल्या नावाची टेस्ट मी सुरुवातीलाच लिहिली होती. ती तुझ्या प्रकारच्या सिस्टिमवर नापास झाली. तो शुक्रवार होता, आणि सोमवारपासून सुरू करू असं तू डॉक्टरांना सांगून बसली होतीस. मी विचार केला, ताई तर नंबरच देते, मोकळी जागा येणार कुठून? एक ओळ घातली, या सिस्टिमवर स्किप. लाल दिवा हिरवा झाला. म्हणजे त्या संध्याकाळी तुझ्या खुर्चीत मला नवीन काहीच कळलं नव्हतं. मला ते आधीपासून माहीत होतं. हेडबाईंना सापडली ती हीच ओळ.

का बोललो नाही, याची कारणं मी वर्षभर गोळा केली. बाबांना काय वाटेल, माझी नोकरी, तुझा विश्वास. खरं कारण फार छोटं आहे. तू दोन कप घेऊन आलीस आणि त्या क्षणी मला तुझ्यासमोर हुशार दिसायचं होतं. एवढंच. पुढचे चौदा महिने त्या क्षणाला सांभाळण्यात गेले.

बाबा जेवताना म्हणतात, "एवढी शिकलेली मुलगी, आणि एक बटण बघून दाबता येईना." दर आठ-पंधरा दिवसांनी म्हणतात. मी ताटात बघून जेवतो. एकदा तर मी 'होतं असं कधी कधी' म्हणालो. बाबांना वाटलं, भाऊ बहिणीला सांभाळून घेतोय.

गेल्या शुक्रवारी मी हेडबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील, निदान तोंड फिरवतील. त्या म्हणाल्या, "स्किप काढा आणि टेस्ट चालवा. आधी ती नापास होताना डोळ्यांनी बघा. बघितल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही." मी चालवली. लाल झाली. त्या शेजारी बसून होत्या, उठल्या नाहीत. मग दोन दिवस मी दुरुस्ती केली. आता नाव चिन्हांत कोंबून द्यायचं नाही, वेगळं हातात द्यायचं, म्हणजे कुठलीच सिस्टिम त्याचे तुकडे करणार नाही. उत्तर ज्या कमांडचं त्याच कमांडकडून घ्यायचं. आणि प्रत उघडून पाहिल्याशिवाय मूळ पुसायचं नाही. मोकळी जागा असलेली, दोन मोकळ्या जागा असलेली, कंसातली, अवतरणचिन्हातली, एकोणतीस तऱ्हेची नावं तिन्ही सिस्टिमवर चालवून झाली. हे सगळं त्या शुक्रवारी दोन दिवसांचं काम होतं. दोन दिवस, ताई. तू डॉक्टरांना 'बुधवारी सुरू करू' म्हणाली असतीस.

सोबत लॉगची छापील प्रत आहे. तुझ्या मशीनवरून काढलेली तीच.

नावात मोकळी जागा सोडणं हा गुन्हा नव्हता. कुणाच्याच.

धाकटा


२ मार्च, सोमवार

ताई,

तुझ्या चार ओळी मिळाल्या आणि त्याप्रमाणे झालंही. 'लॉग वाचला. गुरुवारी अकरा वाजता विभागात ये, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. नंतर मास्तरांकडे. मी दारापर्यंत येईन.' तू दारापर्यंतच आलीस, दोन्ही ठिकाणी. आत काय झालं ते कळण्याचा तुला हक्क आहे, म्हणून लिहितो.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला बसायला सांगितलं आणि माझं ऐकून घेतलं. मग कपाटातून चौकशीची फाईल काढली आणि तुझं निवेदन माझ्यासमोर ठेवलं.

"हे तुम्ही वाचलं होतं?"

"लिहायला मदत केली होती."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग आता तुमचं लिहा. कुणाची मदत न घेता."

कोरा कागद दिला. मी लिहिलं, 'प्रोग्राममध्ये चूक राहून गेली होती.' त्यांनी उलट्या बाजूने वाचलं. "राहून गेली? कोणी ठेवली?" मी खोडलं. लिहिलं, 'चूक लक्षात आली होती, परंतु दुर्लक्ष झालं.' त्या म्हणाल्या, "कोणाचं?" तिसऱ्या वेळी मला जमलं. प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू केलं. शाळेत असा निबंध लिहिला असता तर गुण कापले असते.

सही झाल्यावर त्यांनी सांगितलं की तुझी खोली उघडायचं त्या वरिष्ठांपुढे मांडतील. मशीनला मात्र मी हात लावायचा नाही, नवा प्रोग्राम दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय घ्यायचा नाही. मी हेडबाईंचा टेस्टचा अहवाल दिला, तो त्यांनी ठेवून घेतला. निघताना म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने खोली बंद झाल्यावर एकच विनंती केली होती. खिडकी अशी द्या जिथून घशाच्या विभागातले रुग्ण जातात. ते बोलू शकत नाहीत, काय हवंय ते मला कळतं, म्हणाली." मला वाटत होतं तुला तिथे ढकललं होतं.

बसमध्ये तू खिडकीशी बसलीस आणि मी मागच्या बाकावर. ते बरोबरच होतं.

मास्तरांच्या पत्नीने दार उघडलं. त्यांना वाटलं तू आत येतेस. तू म्हणालीस, "आधी हा," आणि जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिलीस. मास्तर खुर्चीत ताठ बसले होते, पायात बूट, घरातसुद्धा. ते आता गळ्याला ते लहान यंत्र लावून बोलतात. सगळे शब्द एकाच सुरात निघतात, भुंग्यासारखे. मी उभ्यानेच सांगितलं. लॉगचं, टेस्टचं, चहाचं, 'असावी'चं. त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या, त्या मधेच आत निघून गेल्या.

मास्तरांनी यंत्र गळ्याला लावलं. "किती दिवस?"

"चौदा महिने."

"तुझी बहीण दर महिन्याला येते. माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

"पहिल्या शनिवारी. येते, बसते, माझी माफी मागते. चौदा वेळा मागितली." ते थांबले. त्यांना एका दमात फार बोलता येत नाही. "मी तिला म्हटलं, बाई, माझा आवाज काही गोड नव्हता. मुलं घाबरायची. गेला तर शाळा सुखी झाली. तिला हसू यायचं नाही."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला, मैदानावर करत असतील तसा.

"आवाजाचं मी बघून घेतलं. माझ्या नातीला वाटतं आजोबा रोबो आहेत, ती खूश आहे. आवाजासाठी तू माझ्याकडे आला असशील तर जा, ते संपलं. पण तू मला चौदा महिने एका निरपराध बाईची माफी ऐकायला लावलीस. मी ती ऐकून घेतली. चालेल, होतं असं, म्हणालो. म्हणजे मीही तिला चूक तुझीच असं सांगत राहिलो." यंत्र खाली आलं, पुन्हा वर गेलं. "हे मी कुठे फेडू, ते सांग."

ताई, मी तयारी करून गेलो होतो. शिव्यांची, रडण्याची, 'जाऊ दे' म्हणण्याचीसुद्धा. याची नव्हती. माझ्या खोटेपणात मी त्या माणसालाही गोवलं होतं, हे मला त्याच्या तोंडून कळलं.

मग म्हणाले, "ती बाहेर आहे ना? तिला आत पाठव. तू जिन्यात थांब. चहा दोनच कप होईल."

तू आत गेलीस तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी पायरीवर बसलो. पाऊण तास. आतून भुंग्यासारखा आवाज यायचा, मधेच थांबायचा. एकदा तुझं हसू ऐकू आलं. मी खूप दिवसांनी ऐकलं ते, आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटण्याचीही लाज वाटली.

थांब्यावर तू पूर्ण दिवसातलं माझ्याशी पहिलं वाक्य बोललीस. "बाबांना तू सांगायचंस. माझ्यासमोर नाही, माझ्यासाठी म्हणूनही नाही. तुझं तू." मग माझी बस आली.

शुक्रवारी सांगणार होतो, सांगितलं नाही. शनिवारी व्यायामाच्या बाई आल्या होत्या. रविवारी बाबांना बरं वाटत होतं, म्हणून नाही. असा मी आहे, हे तुला आता नव्याने सांगायला नको. आज ऑफिसातून दुपारीच निघालो. बाबा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. मी समोर स्टूल ओढलं आणि सांगितलं. कमांड वगैरे नाही. इतकंच, की बटण ताईने दाबलं नव्हतं, चूक माझी होती, मला आधीपासून माहीत होती आणि मी ती तिच्यावर ढकलली.

त्यांनी पेपरची घडी घातली. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून.

"म्हणजे तिने काहीच केलं नव्हतं?"

"काहीच नाही."

"आणि मी जेवताना बोलायचो, तेव्हा तू समोर होतास."

"हो."

मला वाटलं आता माझी पाळी. पण ते माझ्याशी बोललेच नाहीत. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठले, काठी न घेता. तुझ्या जुन्या खोलीत गेले आणि तिथून हाक मारली. फोनवरचे आकडे त्यांना दिसत नाहीत. "तिचा नंबर लावून दे," म्हणाले. मी लावून दिला. "आता बाहेर जा. दार ओढून घे."

सव्वापाच झालेत. मी बाहेरच्या खोलीत हे लिहितोय आणि तू आत्ता आत त्यांच्या कानाशी आहेस. शब्द ऐकू येत नाहीत. बाबा किती मोठ्याने बोलतात तुला माहीत आहे, गल्लीच्या टोकाला कळतं आज काय भाजी आहे ते. आज दाराला कान लावला तरी कळणार नाही इतकं हळू बोलताहेत. मी कान लावलेला नाही. मधे बराच वेळ ते गप्प असतात, तेव्हा तू बोलत असशील. किंवा तूही गप्प असशील.

दार उघडेपर्यंत लिहीत बसायचं ठरवलं होतं. पण आता माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच उरलं आहे, आणि तीन पत्रांत ते एकदाही लिहिलं नव्हतं.

चुकलो, ताई.

धाकटा